गोधडी व विस्मृति

ठाणें व कल्याण या नगरांच्या इतिहासाकडे पाहणाऱ्यांची दृष्टि बहुधा खाडी, किल्ला व आगगाडी या तीन गोष्टींवर स्थिरावते. इ. स. १८५३ च्या एप्रिलच्या १६ व्या तारखेस बोरीबंदराहून पहिली गाडी ठाण्यास आली आणि पुढल्या वर्षीं ती कल्याणास पोंचली, हें शाळेंतलीं मुलेंसुद्धां सांगतात. परंतु आगगाडीच्या पुष्कळ आधीं या दोन नगरांचीं नांवें दूरदेशीं गेलीं होतीं, आणि त्यांत कापडाचा वांटा मोठा होता. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकांतील ग्रीक ग्रंथांत कल्याण हें ‘कल्लिएना’ म्हणून आलें आहे. सहाव्या शतकांतील कॉस्मस येथून निघणाऱ्या मालांत पितळ व शिसवी लांकूड यांच्या जोडीला कापड सांगतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो ठाण्याची हकीकत देतांना कमावलेलें चामडें, कापूस आणि ‘बकरम’ नांवाचें सुती कापड यांचा उल्लेख करितो. (हा बकरम म्हणजे आमचे शिंपी गळपट्टींत घालतात तें ताठ कापड नव्हे, त्या काळीं तें नांव चांगल्या सुती वस्त्राला होतें.) पुढें ठाण्याचें रेशीम नांवाजलें, आणि विसाव्या शतकांत भिवंडीचे यंत्रमाग, १९२५ सालीं ठाण्यास निघालेली व आतां बंद पडलेली लोंकरीची गिरणी, आणि फाळणीनंतर कल्याणजवळच्या निर्वासितांच्या छावणींतून उभें राहिलेलें, हल्लीं शिवलेल्या कपड्यांसाठीं प्रसिद्ध असलेलें उल्हासनगर, असा हा धागा तुटत-जोडत आजपर्यंत आला आहे.

नव्या कापडाचा हा इतिहास इंग्रजी गॅझेटियरकारांनीं बऱ्यापैकीं नोंदून ठेवला. जुन्या कापडाचा मात्र कोणींच लिहिला नाहीं. जें विकलें जातें त्याची जकात लागते व जकातीची नोंद होते. जें घरांतल्या घरांत फाटतें आणि पुन्हां शिवलें जातें त्याची नोंद कोण करणार? आमचा आजचा विषय हें जुनें कापड आहे, आणि त्याच्या अनुरोधानें वाचकांस प्रथमदर्शनीं विलक्षण वाटेल अशी एक हकीकत सांगावयाची आहे. वितीएवढ्या गोधड्या विकून मेंदूच्या एका असाध्य रोगाच्या संशोधनास लाखों रुपये पुरविण्यांत आले, ती ही हकीकत होय.

प्रथम गोधडीविषयीं थोडेंसें. लुगडें विटलें म्हणजे तें बाहेर नेसावयाचें बंद होई. मग तें घरांत नेसण्याचें होई. मग त्याचीं दुपटीं, लंगोट व हातपुसणीं होत. आणि यांतून जें वांचे तें गोधडींत जाई. खालीं धोतर, मध्यें फाटकींतुटकीं कापडें, वर त्यांतल्या त्यांत धड असें लुगडें, अशी ही रचना. हे पदर जमिनीवर ताणून पसरावयाचे, कडा दुमडावयाच्या, आणि कांठाकडून धांवदोरा घालीत घालीत मध्यापर्यंत यावयाचें. साताऱ्या-कोल्हापुराकडे हिलाच वाकळ म्हणतात. हिच्यांत कापूस नसतो. ऊब येते ती निव्वळ पदरांवर पदर चढल्यामुळें. एकेका गोधडींत तीन पिढ्यांचीं वस्त्रें सांपडतात, आणि हें लुगडें कोणाचें, हा सदरा कोणत्या सालचा, हें घरांतल्या म्हाताऱ्या बाईला पाठ असतें. बखर कागदावरच लिहिली पाहिजे असें कोठें आहे? अंबाजोगाईच्या दासोपंतांनीं तर सोळाव्या शतकांत आपलें ‘पंचीकरण’ सुमारें चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर लिहून काढलें, आणि ती पासोडी आजही दाखविण्यांत येते. आमच्या आज्यांना अक्षर येत नव्हतें. त्यांनीं टांका घातला, एवढाच फरक.

तुकडे जोडून केलेल्या वस्त्राचा आणि धर्मादाय द्रव्याचा संबंध आमच्या या भागांत फार पुरातन आहे. बौद्ध भिक्षूंचें चीवर म्हणजे कापलेले तुकडे जोडून केलेलें वस्त्र. मगधांतील बांध घातलेलीं भातशेतें दाखवून बुद्धांनीं आनंदास त्या बेताचें चीवर करावयास सांगितलें, अशी कथा विनयपिटकांत आहे. या चीवरांसाठीं पैसा कोठून येई याचा एक अस्सल जमाखर्च नाशिकच्या पांडव लेण्यांत दगडावर कोरलेला आहे. नहपानाचा जांवई उषवदात यानें दहाव्या क्रमांकाचें लेणें संघास दिलें आणि त्याबरोबर ३००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कधीं न मोडावयाची ठेव, करून दिली. ही ठेव त्यानें ठेविली ती कोष्ट्यांच्या श्रेणींकडे. २००० कार्षापण एका श्रेणीकडे दरमहा शेंकडा १ व्याजानें, आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेंकडा पाऊण व्याजानें. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं; व्याज तेवढें भोगावयाचें. पहिल्या रकमेच्या व्याजांतून वर्षावासास राहणाऱ्या २० भिक्षूंस प्रत्येकीं १२ कार्षापण चीवरासाठीं द्यावेत, असें लेख सांगतो. वाचकांनीं गणित करून पाहावें: २००० वर महिन्यास २०, वर्षास २४०, आणि २० भिक्षूंस १२ प्रमाणें २४० च. दमडीचाही फरक पडत नाहीं. अठराशें वर्षांहून जुन्या या हिशेबापुढें आमच्या कित्येक सार्वजनिक फंडांचे अहवाल ओशाळवाणे दिसतील. साष्टींतील कान्हेरीचीं लेणीं तर पूर्वीं ठाणें जिल्ह्यांतच मोडत. तेथेंही चीवरांसाठीं अक्षयनीवी ठेवल्याचे लेख आहेत, आणि दात्यांत कल्याणचे व्यापारी व कारागीर पुनःपुन्हां भेटतात. तात्पर्य, फाटक्या वस्त्राच्या निमित्तानें पैसा उभारणें व तो पैसा कापडवाल्यांच्या पेढीवर वाढविणें ही कल्पना आम्हांस परकी नाहीं.

आतां अमेरिकेकडे वळूं. मिशिगन संस्थानांत ॲमी सिम्स नांवाच्या बाई गोधडीच्या कलेवर लिहीत व तिचे वर्ग चालवीत. त्यांच्या मातोश्रींस अल्झायमरचा रोग जडला. बाईंनीं आपल्या व्यवसायभगिनींस साद घातली, आणि इ. स. २००६ मध्यें ‘अल्झायमर्स आर्ट क्विल्ट इनिशिएटिव्ह’ या नांवाची संस्था सुरू झाली. तिचा नियम असा कीं गोधडी ९ इंच रुंद व १२ इंच लांब यापेक्षां मोठी असतां कामा नये. ही मर्यादा कोठून आली? तेथील टपालखात्याच्या ठराविक दराच्या पुठ्ठ्याच्या लखोट्यांत मावेल एवढी ती असावी म्हणून! त्या टपालाच्या प्रकाराला ‘प्रायॉरिटी’ म्हणत. संस्थेनें त्यावरच श्लेष करून आपल्या गोधड्यांस तें नांव दिलें, कीं या रोगाला अग्रक्रम मिळावा. शिवणाऱ्या बाया गोधड्या फुकट शिवून पाठवीत. कांहींचा लिलाव होई, कांहीं ठराविक किमतीस जात. अशा हजारों गोधड्या आल्या. ‘तुकड्यातुकड्यानें विस्मरण’ अशा अर्थाच्या नांवाचें एक फिरतें प्रदर्शनही निघालें, आणि त्यांत कोणी आपल्या आईचा चेहरा क्रमाक्रमानें पुसट होत जातांना शिवला असेल, कोणी धागे उसवून लोंबते ठेविले असतील, अशी कल्पना करण्यास हरकत नाहीं. २०१३ अखेर संस्थेनें आपलें काम आपण होऊन थांबविलें. तोपर्यंत दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम संशोधनासाठीं उभी राहिली होती.

ही युक्ति तेथेंही नवी नव्हती. गुलामगिरीविरुद्ध चळवळ करणाऱ्या बोस्टनच्या स्त्रिया इ. स. १८३० नंतरच्या दशकांत बाजार भरवून हातकाम विकीत. १८३६ सालच्या बाजारांतील पाळण्यांतल्या बाळासाठीं शिवलेली एक चिमुकली गोधडी अजून जपून ठेविली आहे. यादवी युद्धांत जखमी शिपायांसाठीं जत्रा भरल्या. पहिल्या महायुद्धांत रेडक्रॉससाठीं अशी तऱ्हा निघाली कीं थोडे पैसे भरणाराचें नांव गोधडीवर दोऱ्यानें काढावयाचें, आणि शेवटीं त्या नांवांच्या गोधडीचा पुन्हां लिलाव करावयाचा. एकाच वस्तूवर दोनदां उत्पन्न! इ. स. १९८७ च्या ऑक्टोबरांत वॉशिंग्टनच्या मैदानावर एड्स रोगानें मेलेल्यांच्या नांवांची जी विराट गोधडी पसरण्यांत आली तिचे १९२० तुकडे होते, आणि प्रत्येक तुकडा ३ फूट रुंद व ६ फूट लांब, म्हणजे थडग्याच्या मापाचा. त्या गोधडीनें पैशापेक्षां लाज अधिक गोळा केली, असें म्हटल्यास चालेल. ज्या रोगाचें नांव उच्चारावयास राज्यकर्ते कचरत होते तो त्यांच्या अंगणांत अंथरला गेला.

मराठी वाचकाला यावरून पैसा फंडाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. अंताजी दामोदर काळे यांनीं प्रत्येकानें वर्षास एक पैसा द्यावा, एवढीच मागणी घेऊन महाराष्ट्र पालथा घातला. लोकमान्यांचा त्यांस पाठिंबा मिळाला, आणि त्या पैशापैशांतून १९०८ सालीं तळेगांवास कांचेचा कारखाना निघाला. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं काढलेल्या अनाथ बालिकाश्रमाची इमारतही अशाच लहान देणग्यांच्या पायावर उभी आहे. आणि अंगावर चिंध्यांची गोधडी वागविल्यामुळें ज्यांस लोक गोधडे महाराज म्हणत, त्या गाडगे बाबांनीं (१८७६–१९५६) तर धर्मशाळांवर धर्मशाळा बांधविल्या; दादरच्या धर्मशाळेंत दूरगांवाहून आलेले कर्करोगाचे रोगी व त्यांचे नातेवाईक अजून आसरा घेतात. गोधडी पांघरणाऱ्यानें लाखों रुपयांचे व्यवहार करावे आणि स्वतः त्यांतला पैसा शिवूं नये, हें दृश्य महाराष्ट्रानें पाहिलेलें आहे.

परंतु केवळ कौतुकानें वाहून जाणें बरें नव्हे. दहा लाख डॉलर हा आंकडा ऐकावयास मोठा वाटतो. अमेरिकेच्या सरकारनें २०२३ च्या सुमारास या रोगाच्या संशोधनास वर्षाकांठीं ३ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम दिली. या मानानें हिशेब केल्यास आठ वर्षें हजारों हातांनीं शिवून जी रक्कम जमली ती त्या सरकारी खर्चाच्या सुमारें तीन तासांची होते. मग हा सर्व उद्योग व्यर्थ म्हणावयाचा काय? आमच्या मतें नाहीं. एक तर, ज्या सालीं ही चळवळ निघाली त्या सालीं सरकारी रक्कम आजच्या मानानें फारच थोडी होती. ती वाढविण्याचा राष्ट्रीय कायदा २०११ च्या जानेवारींत झाला, आणि असे कायदे ज्या लोकमताच्या रेट्यानें होतात तें बनविण्यांत अशा घरोघरच्या उद्योगांचा वांटा असतोच. दुसरें असें कीं मोठें सरकारी अनुदान हें बहुधा सिद्ध कल्पनांच्या पाठीमागें जातें. नव्या, अर्ध्या कच्च्या कल्पनेचें पहिलें बीज लहान पैशानेंच पेरलें जातें. तळेगांवच्या कारखान्यानें हिंदुस्थानची कांचेची गरज भागविली नाहीं. कांच करणारीं माणसें मात्र तयार केलीं.

आतां ज्या रोगासाठीं हें सर्व, त्याकडे पाहूं. आमच्या भाषेंत ‘साठी बुद्धि नाठी’ अशी म्हण आहे, आणि ‘म्हातारचळ’ असा एक निर्दय शब्दही आहे. या दोहोंनीं मिळून शेंकडों वर्षें एक रोग झांकून ठेविला. म्हातारपणीं विसरावयाचेंच, भ्रमावयाचेंच, असें एकदां ठरलें म्हणजे वैद्याकडे जावयाचें कारण उरत नाहीं. पण या बाबतींत आमच्या म्हातारबायांनाच हंसण्याचें कारण नाहीं. इ. स. १९०१ च्या नोव्हेंबरांत फ्रँकफर्टच्या वेड्यांच्या इस्पितळांत ५१ वर्षांची एक स्त्री दाखल झाली. कागदपत्रांत तिला आउगुस्टे डी. म्हटलें आहे. डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनीं तिला नांव विचारिलें, नवऱ्याचें नांव विचारिलें, हातांत वस्तु देऊन ती कोणती म्हणून विचारिलें, आणि तिचीं उत्तरें जशींच्या तशीं टिपून ठेविलीं. तिला स्वतःचें नांव नीट लिहितां येईना. आपण स्वतःलाच हरवून बसलों, असें ती म्हणे. १९०६ च्या एप्रिलांत ती वारली, आणि त्याच वर्षाच्या ३ नोव्हेंबरास ट्यूबिंगेन येथें अल्झायमर यांनीं तिच्या मेंदूंत आढळलेल्या गांठी व पुटें विद्वानांपुढें मांडलीं. १९१० मध्यें क्रेपेलिन यांनीं आपल्या ग्रंथांत या रोगाला अल्झायमरचें नांव दिलें, परंतु अकालीं जडणारा दुर्मिळ रोग म्हणून. सत्तरीपंच्याहत्तरींत जी बुद्धि जाते ती वयोमानानेंच, ही समजूत पाश्चात्त्य वैद्यकांतही पुढें साठसत्तर वर्षें टिकली. दोन्ही गोष्टी मूलतः एकच आहेत आणि हा रोग दुर्मिळ नसून मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकीं एक आहे, असें कॅट्झमन यांनीं ठासून लिहिलें तें १९७६ सालीं. म्हणजे आमची म्हण आणि त्यांचें शास्त्र बराच काळ एकाच बांकावर बसलीं होतीं. आणखी एक गंमत अशी कीं आउगुस्टे डी. हिच्या रोगाचीं मूळ टिपणें फ्रँकफर्टच्या दप्तरांत हरवलीं होतीं. तीं १९९५ सालीं सांपडलीं. विस्मृतीच्या रोगाचें आद्य टिपणच नव्वद वर्षें विस्मृतींत होतें.

त्याच १९०१ सालीं ठाण्यास वेड्यांचें इस्पितळ सुरू झालें. आजचें ठाण्याचें प्रादेशिक मनोरुग्णालय तें हेंच. तेव्हांपासून मुंबईच्या बोलण्यांत ‘याला ठाण्याला पाठवा’ हा एक थट्टेचा प्रयोग होऊन बसला आहे, जसा पुण्यांत येरवड्याचा. ही थट्टा ऐकून आम्हांस नेहमीं खेद होतो. एका नगराचें नांव शिवीसारखें वापरावें याचा खेद थोडा. परंतु ज्या घरीं माणूस भ्रमतें त्या घराला तें सांगण्याची लाज या थट्टेनें वाढते, याचा अधिक. ही लाज कमी करण्याचें काम ठाण्यांतच १९९० पासून मानसिक आरोग्याच्या एका संस्थेनें, आय.पी.एच. या नांवानें ती ओळखिली जाते, व्याख्यानें, वर्ग व उपचार यांच्या द्वारें चालविलें आहे, हें नमूद करणें उचित होय. अल्झायमरच्या रोग्यांसाठीं व त्यांच्या घरच्यांसाठीं अखिल भारतीय संस्था १९९२ मध्यें निघाली ती केरळांत.

या देशांत हा रोग किती, याचा विश्वसनीय अंदाज नुकताच, २०२३ सालीं, प्रसिद्ध झाला. साठ वर्षांवरील भारतीयांपैकीं शेंकडा ७.४, म्हणजे सुमारें ८८ लक्ष माणसें, स्मृतिभ्रंशानें ग्रस्त आहेत असें तो सांगतो. अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा सर्वांत मोठा प्रकार. पुरुषांत हें प्रमाण शेंकडा ५.८, तर स्त्रियांत ९; शहरांत ५.३, तर खेड्यांत ८.४, आणि ज्यांस शिक्षण मिळालें नाहीं त्यांच्यांत तें अधिक. हे आंकडे वाचतांना आमच्या डोळ्यांपुढें जी व्यक्ति उभी राहिली ती स्पष्ट आहे: शाळेंत न गेलेली, खेड्यांतली, म्हातारी बाई, म्हणजे गोधडी शिवणारी. अमेरिकेंत गोधडी शिवणारी रोग्यासाठीं शिवते; आमच्याकडे शिवणारी आणि रोगी होण्याचा सर्वांत अधिक संभव असणारी बहुधा एकच असते. ‘लॅन्सेट’ साप्ताहिकाच्या मंडळानें २०२४ मध्यें असें दाखविलें कीं बदलतां येण्याजोगीं १४ कारणें दूर केल्यास जगांतील सुमारें शेंकडा ४५ स्मृतिभ्रंश टळूं अथवा लांबणीवर पडूं शकेल. आणि त्या यादींत बालवयांतील शिक्षणाचा अभाव हें एक कारण आहे. तेव्हां कर्व्यांनीं मुलींच्या शाळेसाठीं मागितलेला पैसा हा या रोगाच्या निवारणासही लागला, असें आज म्हणतां येतें. स्वतः कर्वे शंभरी ओलांडून १०४ वर्षें जगले.

रोग ओळखण्याच्या परीक्षांचीही एक कथा आहे, आणि ती गोधडीपासून फार दूर नाहीं. १९७५ पासून जगभर रूढ झालेली एक छोटी परीक्षा आहे: आज वार कोणता, शंभरांतून सात वजा करीत जा, एक वाक्य लिहा, एकांत एक गुंतलेले दोन पंचकोन काढून दाखवा. ज्या बाईनें जन्मांत लेखणी धरली नाहीं तिला या परीक्षेंत नापास करणें फार सोपें. तेवढ्यानें तिची स्मृति गेली असें सिद्ध होत नाहीं. हरियाणांतील बल्लभगड येथें हिंदी व अमेरिकन संशोधकांनीं मिळून काम केलें तेव्हां निरक्षरांसाठीं ही परीक्षा बदलून घेतली व १९९५ मध्यें प्रसिद्ध केली. पंचकोनांच्या जागीं त्यांनीं जी आकृति घातली ती म्हणजे चौकोनांत बसविलेला तिरपा चौकोन. कोणतीही गोधडीवाली ही आकृति डोळे मिटून घालील! आणि अशा काळजीनें मोजल्यावर त्या भागांत अल्झायमरचा नवा प्रादुर्भाव जगांतील अत्यंत कमी प्रमाणांपैकीं एक निघाला, हें २००१ सालीं जाहीर झालें. त्याचें कारण काय, यावर मतें भिन्न आहेत. एवढें मात्र खरें कीं परीक्षा कोणाच्या भाषेंत व कोणाच्या हातच्या वळणानें घेतली जाते यावर आंकडा अवलंबून असतो. मराठी निरक्षर स्त्रियांसाठीं असें मोजमाप नीट करावयाचें तर त्याला प्रयोगशाळा लागत नाहीं. फिरणारीं माणसें लागतात, आणि त्यांचा खर्च लहान फंडास झेपण्याजोगा आहे.

डोंबिवलीसारख्या गांवीं या रोगाचें स्वरूप आणखी वेगळें आहे. येथील घरांतील धडधाकट माणसें सकाळच्या गाडीनें मुंबईस जातात आणि रात्रीं परततात. कित्येकांचीं मुलें अमेरिकेंत. मागें उरलेल्या भ्रमिष्ट वृद्धास कोंडून, बाहेरून कुलूप लावून कामावर जावें लागलेल्या सुना आमच्या पाहण्यांत आहेत, आणि त्यांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. त्यांतच जुन्या चाळी व बैठीं घरें पाडून त्या जागीं बुरूज उभे राहत आहेत. ज्याची आठवण अगोदरच विरत चालली त्यानें पिंपळावरून, पिठाच्या गिरणीवरून, कोपऱ्यावरच्या वाण्यावरून घर ओळखावयाचें, तर ती गिरणीही नाहीं आणि तो वाणीही नाहीं. नगरालाच विस्मृति झाल्यावर नागरिकानें काय करावें?

अमेरिकन पद्धति येथें आणावी, असें सुचविणाऱ्यांस आमचे दोन आक्षेप आहेत. पहिला असा कीं आमच्याकडे घरची गोधडी विकीत नाहींत. आजीचें लुगडें भिंतीवर टांगून त्याची किंमत पुकारावयाची, हें मराठी मनाला रुचणार नाहीं, आणि रुचूं नयेच. यावर उपाय सोपा आहे: भिवंडी व उल्हासनगर येथें नव्या कापडाच्या कातरणीचे ढीग पडतात, शोभेच्या चिमुकल्या गोधड्या त्यांच्या कराव्या, आणि आजीचें लुगडें आजीच्या अंगावरच राहूं द्यावें. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ठाण्या-कल्याणच्या रस्त्यांवर व इमारतींच्या आवारांत बसून लोकांच्या गोधड्या मजुरीनें शिवून देणाऱ्या बाया आहेत. परमुलखाच्या क्विल्टवाल्या बाईला फुरसत असते, म्हणून ती श्रमदान करिते. हिला फुरसत नाहीं, पोट आहे. नोकरीवरून निवृत्त झालेल्या आमच्या शिक्षिकांनीं व कारकून भगिनींनीं फुकट शिवावें; परंतु मजुरीवाल्या बाईकडून सत्कृत्याच्या नांवाखालीं एकही टांका फुकट घेऊं नये. तिची मजुरी आधीं, मग फंड. आणि फंडांतून पहिली तपासणी कोणाची व्हावी असें आम्हांस विचाराल, तर तिचीच.

रोग्यांच्या हातांविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. या रोगांत नांवें जातात, तारखा जातात, नातवंडांची ओळख जाते. परंतु हाताला लागलेलें वळण पुष्कळदां बरेंच मागाहून जातें. पोळी लाटणें, माळ ओढणें, धांवदोरा घालणें हीं कामें स्मृतीच्या निराळ्या कप्प्यांत असतात असें शास्त्रज्ञ मानतात. म्हणून परदेशांत रोग्यांच्या मांडीवर अंथरावयास लहान गोधड्या करितात, आणि त्यांवर गुंड्या, नाड्या, खिसे, मखमलीचे तुकडे बसवितात. अस्वस्थ हातांस चाळा मिळतो व जीव निवतो. आमच्या जुन्या गोधडींत याहून वेगळें काय होतें? कांठ, पदर, चोळीच्या खणाचा तुकडा, सदऱ्याची गुंडी काढावयाची राहिलेली बाही, हें सर्व बोटांनीं चांचपीत झोंपीं जाणारीं माणसें या महाराष्ट्रांत कोट्यवधि होऊन गेलीं.

असा फंड कोणी काढलाच तर त्याचें माप लहान असावें, कामाची मुदत ठरलेली असावी, आणि मुदत संपतांच अमेरिकन संस्थेप्रमाणें तो निःसंकोचपणें बंद करावा. हिशेबाच्या बाबतींत मात्र उषवदाताचा कित्ता गिरवावा. त्याच्या लेखांत शेवटीं असें सांगितलें आहे कीं हें दान निगमसभेंत वाचून ऐकविण्यांत आलें आणि रिवाजाप्रमाणें दप्तरीं फलकावर नोंदण्यांत आलें. एवढ्यावर त्याचें समाधान झालें नाहीं; मुद्दल किती, व्याजाचा दर काय, कोणत्या श्रेणीकडे किती ठेविलें आणि वर्षास किती जणांस किती मिळावयाचें, हें त्यानें लेण्यांत, येणाऱ्याजाणाऱ्यास दिसेल अशा जागीं, कोरून ठेविलें.